पस्तिशीत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करतेय, केअर प्लॅन नक्की लिहायचा कसा?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.
माझं वय ३५. बारावी आर्ट्स झाल्या झाल्या लग्न झालं. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. सासूबाई अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. तेव्हा घरी ड्रेसिंगला यायच्या त्या सिस्टर एकदा म्हणाल्या की तुमच्या हाताला गुण आहे, शिकत का नाही. ते डोक्यात राहिलं. सासूबाई गेल्या, वर्षभराने चौकशी केली तर जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते आणि ३५ वर्षांपर्यंत घेतात असं कळलं. ३४व्या वर्षी ॲडमिशन घेतली, आता सेकंड इयर सुरू आहे, मेडिकल-सर्जिकलचं पोस्टिंग चाललंय.
हाताने करायचं काम मला जमतं. बेड मेकिंग, स्पंजिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), इंजेक्शन, कशालाच अडत नाही. गाडी अडते ती केअर प्लॅनपाशी, म्हणजे पेशंटची काळजी कशी आणि का घ्यायची ते वहीत लिहायचं असतं तिथे. रात्री मुलं झोपली की ११ला बसते, १ वाजतो, आणि पान काही भरत नाही. परवा मॅडमनी वही परत दिली, वर लाल शाईत ‘हे नर्सिंग डायग्नोसिस नाही’ आणि त्याखाली दोन रेघा.
पेशंट असे आहेत : वय ५६, शेतमजूर, १२ वर्षांपासून शुगर. उजव्या तळपायात खिळा रुतला आणि दोन दिवस त्यांना पत्ताच नव्हता. जखम चिघळली, डिब्रीडमेंट (सडलेला भाग काढून जखम साफ करणं) झालंय, रोज ड्रेसिंग. मी लिहिलं होतं ते असं. डायग्नोसिस : डायबेटिक फूट. गोल : पेशंट बरा होईल. इंटरव्हेन्शन : ड्रेसिंग करणे, वेळेवर औषधे देणे, मानसिक आधार देणे. रॅशनल (ते का करायचं) : जखम लवकर भरून यावी म्हणून.
शनिवारी परत द्यायचंय. यात चुकलं काय ते मला कुणी साध्या भाषेत सांगेल का?

रानजाई
आधी तुमचं मनापासून अभिनंदन. घर, दोन मुलं आणि जीएनएम! माझं क्षेत्र हे नाही पण धागा वाचत राहणार.

जुनी_इमारत
कृष्णाकाठची, तुला अगं म्हणते, चालेल ना? मी ३४ वर्षं सरकारी नोकरी करून सिस्टर इनचार्ज म्हणून रिटायर झाले, शेवटची काही वर्षं मुलींना वॉर्डात शिकवायचं काम माझ्याकडेच होतं. तुझी चूक दर वर्षी निम्मा वर्ग करतो, तेव्हा घाबरू नकोस.
‘डायबेटिक फूट’ हे डॉक्टरांचं निदान झालं, ते केसपेपरवर आधीच आहे. तू ते परत लिहिलंस तर तुझ्या वहीत नवीन काय आलं? आजार डॉक्टरांचा, आणि त्या आजारामुळे माणसाचं जे जे अडलंय ते आपलं. त्यांना नीट चालता येत नाही, तळपायाची चामडी फाटलीय, पायाला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून पाय रोज बघायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. बघ, चार गोष्टी निघाल्या. यातली प्रत्येक एक वेगळं नर्सिंग डायग्नोसिस आहे.
लिहायची रीत तुला शिकवली असेलच, पीईएस. प्रॉब्लेम काय, तो कशामुळे, आणि कशावरून म्हणतेस. ‘इम्पेअर्ड टिश्यू इंटेग्रिटी’, म्हणजे चामडी-मांस फाटलेलं, हा प्रॉब्लेम. ‘रिलेटेड टू’ च्या पुढे पायाची गेलेली संवेदना आणि खिळ्याची इजा. ‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’ च्या पुढे तू डोळ्यांनी पाहिलंस ते : जखम किती सेंटिमीटर लांब, किती रुंद, किती खोल, तळ लाल आहे की पिवळा, कडा कशा, स्राव किती, वास येतो का. हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही, ते ड्रेसिंगच्या वेळी पट्टी घेऊन मोजायचं. ‘रिस्क’ ने सुरू होणाऱ्या डायग्नोसिसमध्ये मात्र लक्षणं लिहू नकोस, अजून घडलेलंच नाही तर लक्षण कुठून येणार, तिथे फक्त धोक्याची कारणं.
आता गोल. ‘बरा होईल’ हा आशीर्वाद झाला. गोल म्हणजे कधीपर्यंत, किती आणि तुला ते दिसणार कसं. ‘दोन दिवसांत पेशंट स्वतः आपला तळपाय तपासून दाखवेल’ असं लिही. दोन दिवसांनी तू त्यांच्यासमोर उभी राहशील आणि त्यांनी दाखवला की नाही हे तुला सांगता येईल. तेच तुझं इव्हॅल्युएशन.
आणि ‘मानसिक आधार देणे’ हे वाक्य वहीतून काढूनच टाक. आधार म्हणजे तू नक्की काय केलंस? शेजारी बसलीस? पाय कापतील का या भीतीबद्दल विचारलंस? बायकोला बोलावून ड्रेसिंग दाखवलंस? जे केलंस ते लिही.

कृष्णाकाठची
सिस्टर, अगंच म्हणा, बरं वाटलं. तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलंय. ‘हा आशीर्वाद झाला’ हे तर आता जन्मात विसरणार नाही. एक शंका आहे : चारही डायग्नोसिस लिहायची का, आणि आधी कुठलं?

जुनी_इमारत
जे आधी जिवावर बेतेल ते आधी. श्वास, रक्ताभिसरण, मग बाकीचं. तुझ्या पेशंटला ताप आहे का, शुगर किती चाललीय, पायाची नाडी लागते का ते बघ, त्यावरून क्रम लाव. सगळ्या पेशंटना एकच क्रम लागू होत नाही.

रात्रपाळी
मी प्रायव्हेटला स्टाफ नर्स आहे, ७ वर्षं झाली. कुणाला वाईट वाटेल, तरी बोलतेच. हे केअर प्लॅन कॉलेजात मार्कांसाठी असतात. वॉर्डात एका रात्री मी आणि एक ज्युनिअर, पेशंट २८, त्यात दोन पोस्ट-ऑप आणि एक सारखा ऑक्सिजन काढून टाकणारे आजोबा. तिथे पीईएस लिहायला वेळ कुणाला आहे? ताई, पास होण्यापुरतं लिहा, हात तयार करा, नोकरीत तेच लागतं.

पांढरा_बूट
रात्रपाळीताईंना अर्धं अनुमोदन. स्टाफ कमी आहे हे शंभर टक्के खरं आणि त्याच्यावर बोललंच पाहिजे. पण म्हणून केअर प्लॅन निव्वळ मार्कांसाठी हे काही पटलं नाही. मी मेल नर्स, ११ वर्षं आयसीयू.

जुनी_इमारत
रात्रपाळी, मला एक सांग. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, तू काय म्हणतेस? ‘सात नंबर, कालपासून खोकला वाढलाय, सपाट झोपलं की धाप लागते म्हणून टेकवून बसवलंय, दोन लिटरवर ऑक्सिजन चालू, तासाने सॅच्युरेशन बघा, ९२च्या खाली गेलं तर कळवायला सांगितलंय.’ असंच ना? अगं हाच की केअर प्लॅन. प्रॉब्लेम आला, कारण आलं, काय केलं ते आलं, पुढे काय बघायचं ते आलं. तू दिवसाला २८ केअर प्लॅन तोंडी देतेस. कॉलेजात एक प्लॅन चार तास लिहायला लावतात तो एवढ्यासाठीच की नंतर तोच अर्ध्या मिनिटात डोक्यात तयार व्हावा.

रात्रपाळी
ओव्हरकडे असं कधी बघितलं नव्हतं. सात नंबरचं तर हुबेहूब माझ्याच वॉर्डातलं वाटलं. पण सिस्टर, २८ पेशंटना दोन जणी हे चूकच आहे, त्यावर मी ठाम आहे.

जुनी_इमारत
त्यावर मी तुझ्याच बाजूची आहे. नोकरीभर त्याच्यासाठी अर्ज केलेत.

स्टेथोस्कोप
डॉक्टर म्हणून दोन शब्द. माझ्या रेसिडेन्सीतली गोष्ट. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला पेशंट, बीपी ठीक, पल्स थोडी वर, मी राउंड घेऊन गेलो. पहाटे ३ला सिस्टरने उठवलं : गेल्या तीन तासांत लघवी मिळून ४० मिली, पेशंट ६० किलोचा. साधारण ताशी किलोमागे अर्धा मिली तरी व्हायला हवी, म्हणजे यांची तीन तासांत ९०. जाऊन बघितलं तर आतून रक्तस्राव सुरू होता. बीपी कोसळायच्या आधी आम्ही पेशंटला परत ओटीत घेतलं, वाचला. त्या सिस्टरनी आयओ चार्ट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं त्याची नोंद) नुसता भरला नव्हता, वाचला होता. केअर प्लॅनमध्ये ‘मॉनिटर इनटेक आउटपुट’ एवढंच लिहू नका. किती झालं तर ठीक आणि किती कमी झालं तर कुणाला सांगायचं तेही लिहा. त्या चार आकड्यांवर आमचे निर्णय उभे असतात.

चाफा_बोलेना
काटा आला अंगावर.

सेकंडइयर_पोरगी
मी पण सेकंड इयर, वय १९. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणी चॅटजीपीटीला विचारतात, पाच मिनिटांत आख्खा केअर प्लॅन टेबलसकट येतो. ताई तुम्ही चार तास का घालवताय? भाषा पण एकदम भारी असते.

पांढरा_बूट
भाषा भारी असते, पेशंट दुसराच असतो. आमच्याकडे पोस्टिंगला आलेल्या एका मुलीच्या वहीत होतं, ‘पेशंटला दोन्ही पायांत योग्य मापाची चप्पल वापरण्यास सांगितले.’ पेशंटचा डावा पाय दोन वर्षांपूर्वी गुडघ्याखाली काढलेला. मॅडम तिला रागावल्या नाहीत, नुसत्या तिला त्या बेडपाशी घेऊन गेल्या आणि वही वाचायला सांगितली. पोरगी रडली, पण पुढचे सगळे प्लॅन तिने बेडजवळ स्टुलावर बसून लिहिले. शब्द अडला, स्पेलिंग अडलं तर विचार की खुशाल, पण असेसमेंट तुझ्याच डोळ्यांचं पाहिजे.

सेकंडइयर_पोरगी
बरोबर आहे दादा. माझा पुढचा प्लॅन मी स्वतः लिहीन.

पेन्सिल
माझं वय ३९ आहे. हे सगळं वाचून पोटात कालवाकालव झाली. मला पण हेच करायचं होतं. आता काही होईल का?

पांढरा_बूट
ताई, खोटी आशा लावत नाही. जीएनएमला १७ ते ३५ ही अट आहे, एएनएमलाही (त्याच्या खालचा नर्सिंगचा कोर्स) ३५च. आधीच एएनएम झालेल्यांना जीएनएमला वयाची अट नसते, ती एक वाट आहे पण तुमचं एएनएम झालेलं नाही असं धरून चालतो. जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे कमी मुदतीचे कोर्स आहेत, त्यातून रजिस्टर्ड नर्स होता येत नाही, पण पेशंटच्या सेवेचं काम नक्की मिळतं, आणि घरी ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसांना चांगल्या हातांची फार गरज आहे. प्रवेशाआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा आणि एजंटला एक रुपया देऊ नका.

लेस्टरची_मावशी
पेन्सिल, इकडे इंग्लंडमध्ये वयाची वरची अट नाही. मी ४१व्या वर्षी नर्सिंगची डिग्री सुरू केली, त्याआधी १२ वर्षं दुकानात कॅशवर होते. तीन वर्षांत २३०० तास प्रॅक्टिकल, म्हणजे जवळजवळ अर्धी डिग्री वॉर्डातच. इथल्या रहिवाशांना २०२० पासून नर्सिंग शिकताना वर्षाला ५००० पौंड मिळतात, ते परत करायचे नसतात, आमच्या घराला त्याचा मोठा हातभार लागला. अर्थात हे इथे राहणाऱ्यांसाठी, तिकडून नुसतं शिकायला यायचं म्हटलं तर फी फार आहे.
कृष्णाकाठची, तुझ्यासाठी एक गोष्ट सांगते. डिमेन्शिया असलेल्यांसाठी इथे ‘धिस इज मी’ नावाचं एक पत्रक असतं, घरच्यांनी भरून द्यायचं : कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, चहा कसा लागतो. आमच्या वॉर्डात एक गुजराती बा होत्या, दोन दिवस तोंडात घास घेत नव्हत्या. प्लॅनमध्ये ‘जेवणास नकार, आहारतज्ज्ञांना कळवले’ एवढंच होतं. मी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, बा अंघोळ आणि देवाला नमस्कार केल्याशिवाय आयुष्यात कधी जेवल्या नाहीत, आणि तुम्ही ८ला ब्रेकफास्ट देताय, अंघोळ ११ला. प्लॅनमध्ये एक ओळ बदलली, आधी स्पंजिंग, मग हात जोडायला पाच मिनिटं, मग नाश्ता. तिसऱ्या दिवशी बांनी आख्खी वाटी दलिया खाल्ला. ती एक ओळ लिहायला मला डिग्री लागली नाही गं, आजीजवळ वाढले होते ते उपयोगी पडलं. तुझ्याकडेही सासूबाईंची अडीच वर्षं आहेत. वर्गातल्या इतर मुलींकडे ती नाहीत.

कृष्णाकाठची
मावशी, डोळ्यांत पाणी आलं हो. सासूबाईंना पण कूस बदलताना आधी सांगितलं नाही तर त्या दचकायच्या, मी ‘आई, आता भिंतीकडे वळायचं हं’ म्हटलं की अंग सैल सोडायच्या. याला केअर प्लॅनमध्ये जागा असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

जुनी_इमारत
आहे की जागा! इंटरव्हेन्शन : कूस बदलण्यापूर्वी पेशंटला सांगणे. रॅशनल : भीतीने अंग आखडत नाही, ओढाताण होत नाही, चामडी घासली जात नाही.
आणि कूस बदलण्याचा विषय निघालाय तर अरुणा शानबागांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७३ पासून २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टरांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या या सहकारी सिस्टरला पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. २०११ साली सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं तेव्हा सगळ्या देशाने वाचलं की इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर बेडसोर नाही. दर दोन तासांनी कूस, हे पुस्तकातलं वाक्य चार दशकं रोज पाळणं म्हणजे काय, याचा विचार करा. आम्ही सगळ्याच सिस्टरांनी तेव्हा मान ताठ करून ड्युटी केली.

रानजाई
सिस्टर, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

पांढरा_बूट
आता मला आवडीचा मुद्दा. सब्जेक्टिव्ह डेटा. पेशंट म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं असतं आणि आमची पोरं लिहितात ‘पेशंट कंप्लेन्स ऑफ पेन’. अरे आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका लागलाय म्हणाला तर आत पू धरलाय का बघावं. कळ येते म्हणजे येते-जाते, पोटातली, मुतखड्याची. चमक म्हणजे शिरेची, कमरेतून पायात जाणारी. भगभग, मुंग्या म्हटलं की शुगरवाल्याचे पाय आठवावेत. एका आजींनी मला सांगितलं ‘छातीवर जातं ठेवल्यागत झालंय’. पोस्टिंगच्या मुलाने लिहिलं, चेस्ट पेन. मी म्हटलं जातं लिही, जातं! ओझं ठेवल्यासारखं वाटतं म्हणजे आधी ईसीजी काढायचा. काढला, हार्टचंच निघालं.

चाफा_बोलेना
आमच्याकडे ‘अंगात कणकण आहे’ म्हणतात. ताप म्हणायचा नाही, कणकण.

स्टेथोस्कोप
आणि ‘जीव घाबरा होतो’. यात धाप, धडधड, शुगर कमी होणं, चिंता, काहीही असू शकतं. ऐकलं की थांबून चार प्रश्न विचारावेच लागतात.

कोकणातला_बापू
आमच्या आईचं एकच ठरलेलं, ‘बरं वाटत नाही’. कुठे? ‘सगळीकडे.’ सिस्टर, याचं पीईएस करून दाखवा!

जुनी_इमारत
बापू, तुमच्या आईला शेजारी बसवून चहा द्यायचा आणि कालची रात्र कशी गेली विचारायचं. अर्ध्या कपात सगळं कळतं. मस्करी नाही, मी असंच करायचे.

जुन्या_पानांत
थोडं विषयांतर, पण जवळचंच. मोठ्या वयात नर्सिंग शिकणाऱ्या बायका आपल्याकडे नव्या नाहीत. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, आणि तिथल्या बायका ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जायला लागल्या. त्यांत विधवा होत्या. परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, म्हणून त्या काळी केवढी टीका झाली. रमाबाई स्वतः विधवा, टीका त्यांना नवी नव्हती, त्या मागे हटल्या नाहीत. पस्तिशीत वही घेऊन वॉर्डात जाणाऱ्या कुणाही बाईने ही मागची रांग लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं.

कृष्णाकाठची
हे मला माहीतच नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मम्मी मग तुझं वय जास्त नाहीच.

निम्मं_घर
मी कधी लिहीत नाही, आज लिहितो. माझी बायको ३६ची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे, नाईट असली की सकाळी ९ला घरी येते आणि पायातले मोजे काढायच्या आधी झोपलेली असते. पहिल्या वर्षी मी ‘मदत’ करायचो म्हणजे ती सांगेल ते आणून द्यायचो. एकदा तिला ताप असताना ती पोरांचा डबा भरत होती आणि दुसऱ्या हातात बायोसायन्सचं पुस्तक. तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक माझा. भाकरी अजून गोल होत नाही, पण पोरं खातात. कृष्णाकाठच्या ताई, घरच्यांना कामाची वाटणी करायला सांगा, मदत मागू नका. चार तास लिहायला रात्री ११चाच मुहूर्त कशाला पाहिजे?

चाफा_बोलेना
निम्मं_घर, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय.

कृष्णाकाठची
दादा, तुमचा प्रतिसाद ह्यांना दाखवला. काही बोलले नाहीत, पण आज संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायला बसलेत आणि मी ८लाच वही उघडलीय.
एक अडचण सांगते. पेशंट म्हणतात घरी गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकतो, त्याने बरं वाटतं. मला वाटतं हे चूक आहे पण नक्की कसं सांगू? ते वयाने मोठे आहेत, मी रोज त्यांना दादा म्हणते.

पांढरा_बूट
चूकच आहे ताई. पायाला गरम-थंड कळत नाही, पाणी किती तापलंय ते समजणार नाही आणि भाजेल. भिजत ठेवून चामडी पण मऊ पडते. साध्या कोमट पाण्याने धुवायचा, पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तेल-क्रीम टाचेला चालेल, बेचक्यांत नको. अनवाणी एक पाऊल नाही, घरातसुद्धा. चप्पल घालायच्या आधी आतून हात फिरवायचा. कुरूप असेल तर ब्लेड लावायचं नाही.
सांगताना ‘तुम्ही चुकलात’ म्हणू नका. आधी त्यांचं डोळे मिटून बोट तपासा, कुठल्या बोटाला हात लावला विचारा. त्यांना सांगता आलं नाही की त्यांचं त्यांनाच कळेल.

रात्रपाळी
आणि बायकोला पण सोबत बसवा ताई. पाणी त्याच तापवतात. ड्रेसिंगच्या वेळी बोलावलं की त्यांचं लक्ष असतं, एरवी ओपीडीच्या रांगेत सांगून काही डोक्यात शिरत नाही.

पेन्सिल
मी होम हेल्थ एडच्या कोर्सची चौकशी करून आले आज. इथेच सांगावंसं वाटलं.

लेस्टरची_मावशी
शाब्बास गं पेन्सिल! पुढचं कळवत राहा.

कृष्णाकाठची
मंडळी, वही दिली. आधी काय झालं ते सांगते.
गुरुवारी ड्रेसिंगला पट्टी घेऊन गेले. जखम ३.५ सेंमी बाय २ सेंमी, तळ बराचसा लाल, एका कडेला थोडं पिवळं, वास नाही. दादांना डोळे मिटायला सांगितले आणि पांढरा_बूट दादा म्हणाले तसं बोटांना हात लावला. अंगठा, नाही. मधलं बोट, नाही. करंगळी, नाही. ते म्हणाले, ‘लाव की आता.’ मी म्हटलं दादा, तीन बोटं झाली. डोळे उघडून माझ्या हाताकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘म्हंजी पाय हाय, पर घरात न्हाई.’ मी ते जसंच्या तसं सब्जेक्टिव्ह डेटामध्ये लिहिलं, मराठीतच, आणि पुढे इंग्रजीत अर्थ.
दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने घरून दाढीचा आरसा आणला. आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा, म्हणजे वाकावं लागत नाही, हे त्यांना दाखवलं. शनिवारी सकाळी मी जायच्या आधीच दोघं नवराबायको आरसा घेऊन बसले होते आणि वहिनी मला सांगत होत्या, ‘डाव्या टाचंला भेग पडलीया बगा, ही काल दिसली न्हवती.’ मला पण दिसली नव्हती. लगेच इनचार्ज सिस्टरांना दाखवली.
गोल लिहिला होता, दोन दिवसांत पेशंट स्वतः दोन्ही तळपाय आरशात तपासून दाखवेल. इव्हॅल्युएशन : गोल पूर्ण, पत्नीच्या मदतीने डाव्या टाचेची नवी भेग ओळखली. मॅडमनी वाचलं, आणि ‘घरात न्हाई’ च्या खाली रेघ मारली. निळ्या पेनने. म्हणाल्या हे वर्गात वाचून दाखव. ‘मानसिक आधार’ कुठेच लिहिलं नाही सिस्टर, त्याऐवजी पाय कापतील का या भीतीबद्दल दहा मिनिटं बोलले ते लिहिलं. वेळ पण कमी लागला, सव्वा तास. बरंचसं बेडजवळच लिहून झालं होतं.
सोमवारपासून पेडियाट्रिकला पोस्टिंग आहे. चार महिन्यांचं बाळ सब्जेक्टिव्ह डेटा कसा देणार, हा पुढचा प्रश्न.

सेकंडइयर_पोरगी
ताई तुमची वही मला बघायला मिळेल का, नुसती पद्धत बघायला, कॉपी नाही करणार.

रात्रपाळी
‘पाय हाय, पर घरात न्हाई.’ आज ओव्हरला सगळ्यांना सांगणार.

पांढरा_बूट
बाळाचं आई सांगते ताई. रडण्याचा आवाज, दूध किती ओढलं, लंगोट किती ओले झाले, सगळं विचारा. दोन मुलांच्या आईला ते आम्ही काय सांगायचं.

जुनी_इमारत
वाचलं, परत वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. आता एक राहिलंय ते सांगते. इव्हॅल्युएशनच्या खाली तारीख आहे असं धरते, पण वेळ लिहिलीस का? आणि टाचेची भेग इनचार्जना किती वाजता दाखवलीस, ती वेळ नर्सेस नोट्समध्ये हवी, खाली तुझी सही हवी. सोमवारी जायच्या आधी तेवढं पूर्ण करून ये.